हॉलिसची दुसरी बेल

आमच्या समोरच्या घरातला हॉलिस आमच्याकडे आला की दोनदा जातो. पहिल्यांदा जातो तेव्हा तो खरा गेलेला नसतो. मी दार लावून वळते न वळते तोच बेल वाजते. दारात पुन्हा हॉलिस, अंगात बारा महिने घालायचा तो मोहरीच्या रंगाचा स्वेटर, आणि चेहरा असा की घरात काहीतरी पेटतंय.

"मघाशी मी जे वाक्य बोलून गेलो ना, ते काढून टाक," तो म्हणतो. "त्याच्याऐवजी हे घे."

मग नवं वाक्य टाकतो, टाचेवर गर्रकन वळतो आणि आपल्या दारात नाहीसा होतो.

ओळख झाली ती त्याच्या पार्सलमुळे. बर्लिनमध्ये कुरिअरवाला ज्याच्या घरी माणूस सापडेल त्याच्या गळ्यात सगळ्या बिल्डिंगची पार्सलं मारतो. माझं ऑफिसचं काम घरून, त्यामुळे आमचा पॅसेज म्हणजे बिनपगारी पोस्ट ऑफिस. हॉलिस आपलं खोकं घ्यायला आला आणि जाताना म्हणाला, "शेजारी म्हणजे ज्याच्या घरी आपल्याआधी आपलं सामान पोहोचतं." माझी मीटिंग चालू होती. मी "हं" म्हटलं. तो गेला. बेल वाजली.

"सामान नको," तो गंभीरपणे म्हणाला. "चपला. चपला जास्त विनोदी आहेत. आणि खोक्यात आहेतही चपलाच."

मला वाटलं, आला एक नवीन ताप. निखिल, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अगं, लेखक असेल." निखिल सहसा बरोबर नसतो, पण त्या दिवशी होता.

हॉलिस जन्माने अमेरिकन, जॉर्जियातल्या एका लहान गावातला कृष्णवर्णीय मुलगा. आईने खटपटीने पोस्टात चिकटवलेली कायमची नोकरी सोडून हा नाटकं लिहायला पळाला. चर्चच्या हॉलपासून सुरुवात, मग न्यूयॉर्कमधलं एक तळघरातलं थिएटर, आणि तिथून थेट टीव्ही. टीव्हीवर विनोदी मालिका लिहायला एका लांब टेबलाभोवती पुष्कळ लेखक बसत आणि त्यांत काळा एकटा हा. मालिकेत एक काळी मोलकरीण होती. "तिची वाक्यं तेवढी तू लिही," असं त्याला सांगण्यात आलं. हॉलिसने प्रत्येक प्रसंगाचं शेवटचं वाक्य तेवढं मोलकरणीला देऊन टाकलं. मालक मंडळींनी लांबलचक बोलायचं आणि टाळी घेऊन हिने आत जायचं. पुढे त्याला स्वतःची मालिका मिळाली. त्या मालिकेविषयी मात्र तो बोलत नसे. विचारलं तर म्हणायचा, "होती एक." मग इथल्या कुठल्याशा थिएटरने त्याला काही महिन्यांसाठी बोलावलं आणि हा राहूनच गेला. आता जर्मन पोरांना नाटक लिहायला शिकवतो. इतक्या वर्षांत जर्मन किती आलं म्हणाल, तर 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. समोरचा काहीही बोलला तरी हा गेनाऊ.

"माणसाने टाळीच्या वाक्याशिवाय स्टेजवरून जाऊ नये," हे त्याचं ब्रह्मवाक्य. आणि स्टेज म्हणजे त्याच्या लेखी काहीही. बेकरी, दवाखाना, आमचा पॅसेज.

एकदा भाडेकरूंची बैठक होती. अंगणात बेवारस सायकली फार झाल्या म्हणून घरमालकाने त्यांच्यावर चिठ्ठ्या लावल्या होत्या: मालकाने महिनाअखेर न्यावी, अन्यथा उचलून टाकू. त्यावर तासभर वाद झाला. शेवटी हॉलिस उठला. "या घरात सगळ्यांत जुनी सायकल मी आहे," तो म्हणाला. "तशी एक चिठ्ठी माझ्याही पाठीवर लावून बघा, कोणी न्यायला येतंय का." लोक खो खो हसले, टाळ्या पडल्या. हॉलिस मान उंच करून बाहेर गेला आणि पाठोपाठ परत आला, कारण कोट, मफलर आणि किल्ल्या खुर्चीवरच राहिल्या होत्या. सगळं गोळा करताना एवढा मोठा माणूस इतका ओशाळला होता की मला त्याची दया आली. मीही हसले होतेच.

मग आमच्या सासूबाई सांगलीहून आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर आणि बेसनाच्या लाडवांच्या दोन डब्यांसह. शेजाऱ्याकडे लाडू पाठवणं हे त्यांचं इथलं पहिलं काम. हॉलिस डबा परत करायला आला तेव्हा सासूबाई मालिका बघत होत्या. पडद्यावर एक सून पूजेचं ताट घेऊन जिना उतरत होती आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून ताटावर, ताटावरून चेहऱ्यावर उड्या मारत होता. हॉलिस डबा हातात धरून उभाच राहिला.

"ताट पडणार," तो म्हणाला.

मी मराठीत सांगितलं. सांगेपर्यंत ताट पडलं.

"यांना मराठी येतं?" सासूबाई चकित.

"आणि तो हार घातलेला फोटो कोणाचा?" हॉलिसने विचारलं.

"मोठे काका. मागेच वारले. दरीत गाडी पडून."

"मृतदेह दाखवला?"

"नाही."

"मग येणार ते परत. लग्नात येणार."

काका आले. लग्नातच आले. त्या दिवसापासून सासूबाईंच्या मनात हॉलिस हा ज्योतिषी झाला. लेखक आहेत, हे मी त्यांना खूप समजावलं. "असेनात का. लिहितातही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोनमधला भाच्यासाठी सांगून आलेल्या मुलीचा फोटो त्याच्यापुढे धरला. "विचार गं, हिच्याशी जमेल का?" हॉलिसने बराच वेळ निरखून निर्णय दिला, "दुसऱ्या सीझनमध्ये." सासूबाईंनी लगेच सांगलीला फोन लावला, "यंदा घाई करू नका, पुढच्या वर्षी योग आहे."

रोज दुपारी मालिकेच्या वेळेला तो येऊ लागला. मी त्यांना 'अहो आई' म्हणते ते ऐकून त्याने पूर्ण नावच ते धरलं. "कशा आहात, अहोआई?" त्याला मराठी येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही, आणि मधे मी, कानात ऑफिसची मीटिंग आणि तोंडाने दोघांचं भाषांतर.

पंचाईत झाली ती त्याच्या जाण्याची. तो झकास वाक्य टाकून जायचा आणि सासूबाई ढिम्म. बिचारा कासावीस व्हायचा. बेल. नवं वाक्य. ढिम्म. पुन्हा बेल. सासूबाईंना वाटायचं, विसरभोळे आहेत, घरी बाईमाणूस नाही, पोटात भूक असेल. दर बेलला त्या त्याच्या हातावर एक लाडू ठेवायच्या. मोहरीचा स्वेटर पोटावर ताणायला लागला.

शेवटी त्यांनीच त्याला सुनावलं. "हे काय वेड्यासारखं आत-बाहेर? सरळ 'येतो' म्हणावं आणि जावं. जातो म्हणू नये. येतो."

मी समजावून सांगितलं. हॉलिसने विचार केला. "पण यात हशा कुठे आहे?"

"त्यात हसायचं काय?" सासूबाई म्हणाल्या.

एका दुपारी जाहिराती चालू असताना त्यांनी मला फर्मावलं, "विचार, यांची स्वतःची मालिका कशाची होती?" मी विचारलं. मला वाटलं, म्हणेल, होती एक. पण कोण जाणे का, तो बोलला. एक आई, तिचं स्वयंपाकघर, एक कमावता मुलगा. मुलाला नोकरी सोडायची असते, दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. मुलगा दारात जाऊन असं काही वाक्य टाकतो की स्टुडिओतले प्रेक्षक उभे राहिले. आई हातात ताट घेऊन तशीच. पुढच्या आठवड्यात तो परत येणार होता. त्याच आठवड्यात चॅनेलने मालिका बंद केली.

"अगंबाई! मग मुलगा?" सासूबाई.

हॉलिस उठला. "बाहेरच आहे," एवढंच म्हणाला आणि गेला. मी दाराशी थांबले. बेल वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी मालिकेच्या वेळेला तो आला नाही. नंतरही नाही. समोरच्या घरात पावलं वाजायची, म्हणजे होता घरीच. सासूबाईंचं परतीचं तिकीट चार दिवसांवर आलं होतं, पण बॅग भरण्याऐवजी त्या मालिकेतल्या मुलाचीच काळजी करत बसल्या. "आई ताट घेऊन उभी आहे गं तिकडे." मी वैतागून म्हटलं, "अहो आई, ती नटी होती. कधीच घरी गेली असेल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून त्यांची बॅग भरायला घेतली.

रविवारी दुपारी त्या शाल पांघरून, पायमोज्यांनिशी समोर गेल्या आणि त्याच्या बेलवर बोट दाबून धरलं. दार उघडल्यावर शुद्ध मराठीत म्हणाल्या, "अहो, पुढे काय झालं ते कळल्याशिवाय मी विमानात बसायची नाही. चला." आणि त्याला बाहीला धरून आणलं.

तो आमच्या स्वयंपाकघरात बसला. "मुलगा घराबाहेर पडला त्या आठवड्यात माझी आई रोज फोनवर हेच विचारायची," तो म्हणाला. "ते वाक्य मी खरं तर तिलाच टाकून घर सोडलं होतं. पोस्टातली नोकरी सोडली तेव्हा. तिला माहीत होतं, तो मुलगा कोण ते. विचारायची, परत येतो का रे तो? मी म्हणायचो, फुकट नाही सांगणार, पुढच्या आठवड्यात बघ. मालिका बंद झाली आणि त्याच थंडीत ती गेली. ते वाक्य मला अजून लिहिता आलेलं नाही. दारात येऊन मुलगा काय म्हणतो, ते."

मी भाषांतर केलं.

सासूबाईंनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. "करून बघू," म्हणाल्या. ओट्यापाशी ताट घेऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, बाहेर जा आणि या."

हॉलिस जिन्यात गेला. दार उघडून आत आला. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं. काही नाही. बेकरीवालीलासुद्धा वाक्याशिवाय न सोडणारा हा माणूस नुसता उभा. तो बाहेर गेला, पुन्हा आला. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा वळायला लागला तेव्हा सासूबाईंना राहवलं नाही. आमटी निवत होती.

"आलास?" त्या म्हणाल्या. "हात धू आणि बस जेवायला."

इतके दिवस त्याला अहो-जाहो करणाऱ्या सासूबाई.

हॉलिसने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या?" मी सांगितलं. "एवढंच?" एवढंच. तो पुटपुटला, "म्हणजे वाक्य त्याचं नव्हतंच. तिचं होतं." मग सिंककडे वळला आणि हात धुऊ लागला. बराच वेळ धूत होता, पाठ आमच्याकडे करून.

वरणभात, बटाट्याची भाजी, दोनदा आमटी. जेवून उठला, दाराशी गेला आणि सासूबाईंना म्हणाला, "येतो."

मी दार लावलं आणि सवयीने कडीवर हात ठेवून तिथेच उभी राहिले.

"कशाला थांबलीस?" आतून सासूबाई म्हणाल्या. "येतो म्हणालाय ना तो."