दोन किल्ल्यांची कोंडी

नऊ वाजून गेले तरी गाडी गॅरेजमध्येच होती. गाडीची किल्ली दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या पर्समध्ये आणि गॅरेजची किल्ली त्यांच्या प्राध्यापक नवऱ्याच्या खिशात. दवाखाना गावाच्या एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या. आज गाडी कोणी न्यायची यावरून सकाळीच खटका उडाला आणि दोघांनी तोंडाला कुलूप लावलं.

प्राध्यापक बाल्कनीत येरझाऱ्या घालत होते. दहाला त्यांचं 'समांतर संगणनाची ओळख' या विषयावरचं व्याख्यान होतं, आणि त्यांना नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरवायला विभागप्रमुख स्वतः येऊन बसणार होते. मोठं काम अनेक संगणकांना वाटून दिलं की झटपट उरकतं, इथपर्यंत सोपं होतं. व्याख्यानात पुढे 'कोंडी' हा भाग येत होता. एकाने एक वस्तू धरलेली, दुसऱ्याने दुसरी. दोघांना दोन्ही हव्यात आणि हातातली सोडायला कोणीच तयार नाही. सगळं ठप्प. एवढं घोकल्यावर त्यांनी खिशातली किल्ली चाचपली आणि ते स्वतःवरच चरफडले. पण आधी मागायची कोणी?

तेवढ्यात त्यांच्याकडेच राहणारी त्यांची आत्या बाल्कनीत आली. संगणकातलं तिला ओ की ठो कळत नसलं, तरी भांडणं मिटवण्याची तिला भारी हौस.

"तू समजूतदार आहेस रे," ती हळूच म्हणाली. "किल्ली ठेव तिच्यासाठी आणि चौकातून टॅक्सी पकड."

शास्त्रही तेच सांगत होतं, एकाने माघार घेतली की कोंडी फुटते. प्राध्यापकांनी किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि धूम ठोकली. आत्याचा कामाचा उरक दांडगा. हाच सल्ला ती स्वयंपाकघरात आधीच देऊन आली होती.

चौकात पोचतात तो बायको समोर उभी.

"तू इथे? आणि गाडी?" प्राध्यापकांनी विचारलं.

"तुझ्यासाठीच ठेवली ना. गाडीची किल्ली फ्रिजवर आहे."

"आणि गॅरेजची खुंटीला!" दोघांना एकदम हसू फुटलं. सकाळपासूनचा राग कुठच्या कुठे पळाला, आणि प्राध्यापकांना बायकोविषयी इतकी माया दाटून आली की समोर टॅक्सी येऊन थांबल्याचंही त्यांना उशिरा कळलं. रिकामी अशी ती एकच होती, आणि घरी परतून गाडी काढायला आता वेळ नव्हता.

"तू जा, तुझं व्याख्यान आहे."

"छे, तू जा. पेशंट आ वासून बसला असेल."

"अरे, नोकरीचा प्रश्न आहे तुझ्या."

"असू दे. तू बस बघू आधी."

दोघांच्या मधून वाकून एक गृहस्थ आत बसले आणि टॅक्सी निघून गेली. रस्त्यावर दुसरी दिसेना. घड्याळात दहाला पाच कमी होते.

"आता याला काय म्हणायचं?" बायकोने विचारलं.

"कोंडीच्या पुढचा प्रकार," प्राध्यापक म्हणाले. "दोघंही नुसती माघार घेत बसतात आणि काम काही होत नाही. पुढच्या आठवड्यात शिकवणार होतो मी."