कुठलाही ॲक्सल चालेल!

"कुठलाही आणा! पाट्यांचा आणा, रबरी आणा, खाली वाकलेला आणा. माझ्या फ्रेमला कुठलाही ॲक्सल चालेल!"

सूनबाईंनी हे जाहीर केलं तेव्हा घरातली सगळी मंडळी जेवत होती. सूनबाईंचा आवाज मुळात इतका मऊ, की त्यांनी मीठ मागितलं तर ते पुढच्या जेवणाला मिळायचं. पण हे वाक्य सगळ्यांना पहिल्या फटक्यात ऐकू गेलं. सासऱ्यांचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्यावर अडकला.

"कुठलाही?" ते म्हणाले. "ॲक्सल म्हणजे काय चपला आहेत, सूनबाई? आज ह्या घातल्या, उद्या त्या?"

"अगदी तसंच, बाबा," सूनबाई म्हणाल्या.

घराच्या पुढच्या अंगाला त्यांचा ट्रेलर बांधायचा कारखाना होता. सासरे मालक. नवरा वेल्डिंग करायचा, धाकटे भाऊजी जोडणी आणि रंग बघायचे. इंजिनिअरिंग शिकून आलेल्या सूनबाई कारखान्यातले फोन घ्यायच्या. खिडकीशी आराखड्याचं एक मोठं टेबल होतं, त्यावर सासऱ्यांचा चष्मा आणि जुनी वर्तमानपत्रं राहायची. सूनबाईंचा डोळा त्या टेबलावर होता.

आणि त्याच दिवशी फोनवर नर्सरीवाल्या ताई भेटल्या होत्या! त्यांच्याकडे तीन जुने ट्रेलर होते. झाडांना पाणी घालता घालता तिन्हींच्या फ्रेमा गंजून गेल्या होत्या, पण चाकांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजे ॲक्सल, ठणठणीत होते. जड मातीच्या पोत्यांसाठी कमानपाट्यांचा, नाजूक कुंड्यांना धक्का लागू नये म्हणून रबरी, आणि उंच झाडं आडवी न करता नेता यावीत म्हणून मध्ये खाली वाकलेला. ताईंचं म्हणणं सरळ होतं, "तीन ट्रेलर ठेवायला जागा नाही हो. एकच फ्रेम द्या, ओझं बघून मी ॲक्सल बदलीन."

सासरे म्हणाले, "असलं काही नसतं."

सूनबाई म्हणाल्या, "नसतं. पण का नसतं?"

हा प्रश्न त्या घरात पूर्वी कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. शेवटी सासऱ्यांनी अट घातली. "कर तुझी फ्रेम. ताई हो म्हणाल्या तर खिडकीतलं टेबल तुझं. नाही म्हणाल्या तर फ्रेम भंगारात, तू फोनवर. आणि 'पण का' हे दोन शब्द या घरात बंद!"

सूनबाईंनी कंबर कसली. फ्रेमच्या दोन्ही लांब तुळयांना त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या अंतरावर भोकं पाडून घेतली. मग प्रत्येक ॲक्सलसाठी एक लोखंडी बैठक. ॲक्सल कसाही असो, बैठकीची भोकं तुळईच्या भोकांशी जुळायची. सरकवा, बोल्ट घाला, नट आवळा, झालं! एक बैठक त्यांनी कोरीच ठेवली, लांबट खाचांची. पुढेमागे कुणी भलताच ॲक्सल आणला तर असावी म्हणून.

"ही फ्रेम आहे की किसणी?" सासऱ्यांनी विचारलं.

"मला तर बासरी वाटते," भाऊजी म्हणाले. "वहिनी, वारा आला तर वाजेल हो!"

नवरा बिचारा मध्ये सापडला होता. बापासमोर तो "छे छे, कसं बसणार" म्हणायचा आणि बायकोसमोर "बसेल गं, बसेल" म्हणायचा. दोघं एकदम समोर आले की त्याला खोकला यायचा. सासूबाई या कशातच नव्हत्या. त्या म्हणायच्या, "मला बाई लोखंडातलं काही कळत नाही," आणि जिथे लोखंडाचं बोलणं चालू असेल तिथेच बसून शेंगा सोलायच्या.

रविवारी संध्याकाळी ताई येणार होत्या. फ्रेम चार लोखंडी घोड्यांवर तयार उभी होती, ताईंनी चाकांसकट पाठवलेले तिन्ही ॲक्सल मागच्या शेडमध्ये. ताईंच्या डोळ्यांदेखत एकेक ॲक्सल बसवायचा, काढायचा, दुसरा बसवायचा, असा सूनबाईंचा बेत. त्यांनी फ्रेमवर जमिनीपर्यंत लोळणारी ताडपत्री घातली आणि बजावलं, "ताई येईपर्यंत कुणी ही उचलायची नाही."

"कोण उचलतंय!" चौघंही एका सुरात म्हणाले. इतक्या एका सुरात, की एखाद्या संशयी बाईने तिथेच खुर्ची टाकून पहारा दिला असता. पण सूनबाई भाबड्या. त्या आराखडा मोठ्या कागदावर छापून आणायला चौकातल्या दुकानात निघून गेल्या.

दुकानातलं यंत्र कागद गिळून बसलं होतं. त्या परत आल्या तेव्हा दुपार कलली होती आणि घर गाढ झोपलं होतं. जरा जास्तच गाढ! सासरे अशा काही आवाजात घोरत होते, की खरं घोरणारा माणूस लाजला असता. त्यांच्या पांढऱ्या बनियनवर ग्रीसचा पट्टा होता. नवरा अंगठ्याला चिंधी बांधून भिंतीकडे तोंड करून पडला होता. भाऊजी न्हाणीघरात साबणाने कोपरापर्यंत हात धूत होते.

"रविवारी कसले हात धुताय, भाऊजी?"

"स्वच्छता, वहिनी! माणसानं स्वच्छ असावं!"

सूनबाईंना गहिवरून आलं. मंडळींना किती काळजी लागली आहे आपली, असं त्यांना वाटलं. ताडपत्री जरा फुगल्यासारखी दिसत होती, पण ती वाऱ्याने फुगली असेल.

ताई आल्या त्या जीप घेऊन, आणि आल्या आल्याच निघायच्या घाईत. "हं, दाखवा!"

सूनबाई ताडपत्रीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. भाषण पाठ होतं. "ताई, आत्ता या फ्रेमला एकही ॲक्सल नाही. म्हणजे हा नुसता सांगाडा आहे. आता तुमच्यासमोर मी पहिला ॲक्सल..." असं म्हणत त्यांनी मागे न बघताच ताडपत्री ओढली.

ताईंचे डोळे मोठे झाले. "अगं, हे तर बसवूनच ठेवलेत की! तिन्ही!"

सूनबाई वळल्या. घोड्या भिंतीशी रांगेत ठेवलेल्या होत्या. आणि फ्रेम आपल्या पायांवर, नव्हे चाकांवर, उभी होती! पुढे पाट्यांचा ॲक्सल, मध्ये रबरी, मागे वाकलेला. गोमेला बूट घातल्यासारखी दिसत होती. मधली दोन चाकं जमिनीला टेकतही नव्हती, तिथल्या तिथे गरगरत होती.

सूनबाईंनी घरच्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने भाऊजींकडे, भाऊजींनी आकाशाकडे. सासूबाई शेंगा सोलत राहिल्या.

"वा! बघू कशी पळते ते!" ताईंनी जीप मागे घेतली, ट्रेलरची दांडी स्वतःच हुकात अडकवली आणि चढून बसल्या.

"ताई, थांबा, हे असं नाही..." सूनबाई म्हणाल्या. त्या आवाजाने फुलपाखरूही थांबलं नसतं, तिथे जीपचं इंजिन काय थांबणार!

आता ट्रेलर वळतो कसा? एका जागी चाकं असली की ओढणाऱ्याच्या मागे तो शेपटीसारखा वळतो. पण ज्याने पुढे आणि मागे दोन्हीकडे पाय रोवलेत तो कशाला वळतोय! कारखान्याच्या फाटकासमोर अरुंद रस्ता, आणि रस्त्यापलीकडे न्हाव्याचं दुकान. ताईंनी जीप डावीकडे वळवली. ट्रेलर म्हणाला, मी सरळ! जीपने जोर केला, चाकं किंचाळली, जीपचं बूड उजवीकडे फरफटलं, आणि ट्रेलरचं तोंड न्हाव्याच्या पायरीला जाऊन टेकलं. शेपूट फाटकात. अख्खा रस्ता बंद!

न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. त्याच्यामागून अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक.

"दाढी की कटिंग?" न्हाव्याने ट्रेलरला विचारलं.

दोन्हीकडून माणसं जमली. जो तो वाकून खाली बघत होता. "एवढी चाकं कशाला?" "वळायला असतील." "मग वळला का नाही?" "अजून शिकतोय!"

सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सूनबाईंना मात्र कळेना की आपल्याला रडू का येत नाहीये. टेबल गेलं होतं. फ्रेम भंगारात जाणार होती. तरी त्या रस्त्यात गुडघे टेकून आत डोकावल्या. पाट्यांची बैठक, रबरी बैठक, वाकड्याची बैठक. एकेका भोकात एकेक बोल्ट, जरासुद्धा ओढाताण नाही! त्या काही क्षण सगळं विसरून बघतच राहिल्या.

मग उठून शक्य तितक्या मोठ्यानं म्हणाल्या, "हे कुणी बसवले?"

कुणीच नाही! भाऊजी म्हणाले, "मी तर हात धूत होतो." नवऱ्याला खोकला आला. सासरे गरजले, "असल्या फ्रेमला मी बोट तरी लावीन का? ते जाऊ दे, आधी रस्ता मोकळा करा. पुढचा सोडवायला एकोणीसचा पाना लागेल. आणि डावीकडचा मागचा नट जपून, तो आडवा चढलाय."

वाकून बघणारे सगळे एकदम सरळ उभे राहिले.

"बाबा," सूनबाई हळूच म्हणाल्या, "आडवा चढलाय हे तुम्हाला कसं माहीत?"

सासऱ्यांनी घसा साफ केला. मग सदऱ्याच्या खिशातून एकोणीसचा पाना काढला. "मला बघायचं होतं की बसत नाही," ते म्हणाले. "बसला! मग काढायला गेलो तर पावलं वाजली."

"ती माझी होती, बाबा," नवरा म्हणाला. त्याच्याही खिशातून पाना निघाला. "पुढचा दिसला, मला वाटलं हिनेच दाखवायला लावलाय. म्हटलं, रबरीही बघून टाकावा. तेवढ्यात कुणीतरी शिट्टी वाजवत आलं."

"आता शिट्टीसुद्धा वाजवायची नाही का माणसानं?" भाऊजी म्हणाले. "मी आलो तर दोन होते. म्हटलं, वहिनींचा तिसरा राहून गेला वाटतं. बसवला. घोड्याही काढून ठेवल्या, व्यवस्थित!"

"उघडा आता ते!" न्हाव्याचं गिऱ्हाईक ओरडलं. त्याचा फेस वाळत चालला होता.

मग तिघंही चटईवर झोपावं तसे ट्रेलरखाली शिरले. गुन्हा कबूल झाल्यावर माणसाला तो पुसायची भारी घाई होते! तिघांचे पाने एकदम फिरू लागले. सूनबाई तोवर ताईंची माफी मागत होत्या. "ताई, खरं तर एका वेळी एकच लावायचा असतो. दोन काढले की..."

"दोन?" ताई म्हणाल्या. "ते तर तिघंही काढतायत."

"अहो! थांबा! एक राहू द्या!"

पण तिघं कसेबसे सरपटत बाहेर आले, आणि पाठोपाठ अख्खी फ्रेम धाडकन रस्त्यावर आडवी झाली. चाकं तीन दिशांना घरंगळली. एक न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत जाऊन आलं.

धूळ खाली बसली. आणि अगदी शेपटीकडून 'चुईं' असा बारीक आवाज आला.

सगळे तिकडे वळले. मागच्या शेवटच्या भोकांत, त्या कोऱ्या बैठकीवर, एक चिमुकला ॲक्सल बसवलेला होता. त्याला दोन रबरी चाकं, एक अजून फिरत होतं. ती बाबागाडीची चाकं होती. भाऊजी लहानपणी जिच्यात झोपायचे, त्या बाबागाडीची!

हळूहळू सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या.

"मग काय!" सासूबाई म्हणाल्या. "एकेक जण चोरासारखा जातोय आणि येतोय. मी एकटीच काय घरात शेंगा सोलत बसू? कुठलाही म्हणाली होती ना ती? म्हटलं बघावं, खरं बोलते का." आणि मग सुनेकडे बघून जरा लाजून म्हणाल्या, "बसला गं!"

ताई इतक्या हसल्या की त्यांना जीपला टेकावं लागलं. "ज्यांना हे चालणार नाही असं वाटत होतं त्या सगळ्यांनी चालवून दाखवलं! आणि काढायला किती वेळ लागला? या फेसवाल्याच्या अर्ध्या गालाएवढा! घेते मी ही फ्रेम. आत्ताच. मला आज कुंड्या न्यायच्यात, रबरी लावा."

"पाट्यांचाच लावा," सासरे लगेच म्हणाले. "त्याला तोड नाही."

"बाबा, कुंड्यांना रबरीच," नवरा म्हणाला. त्याला खोकला आला नाही.

सासऱ्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा त्या किसणीकडे. मग फ्रेमवर हात ठेवून, दुसरीकडेच बघत म्हणाले, "टेबलावरची वर्तमानपत्रं उद्या उचलून घेईन मी, सूनबाई."

सूनबाईंचे डोळे भरून आले. आजवर या फ्रेमला घरातल्या प्रत्येकाने एकेक ॲक्सल बसवला होता. फक्त जिने ती आखली तिने एकही नाही! आता पहिल्यांदा आपल्या हाताने बोल्ट घालायचा म्हणून त्यांनी पदर खोचला आणि पान्यासाठी हात पुढे केला.

"इकडे सरकवा तो रबरी," ताई म्हणाल्या. पाना त्यांच्या हातात होता आणि त्या केव्हाच खाली वाकल्या होत्या. न्हावी ॲक्सलचं एक टोक धरून होता, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक दुसरं. "मलाही बघायचंय, बसतो का!"

सूनबाईंनी जरा वेळ वाट पाहिली. मग ताडपत्रीची घडी घालायला घेतली.