अप्पांचे आठ बुश

अणदूरच्या मलकप्पांच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग होतंच, पण त्याच्या शेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेली एक पितळी नळीही असायची. बोटाच्या दोन पेरांएवढी, एका अंगानं झिजून पातळ झालेली. बघणाऱ्याला तो ताईतच वाटे. तामलवाडीच्या एका बाईनं कडेवरचं पोर पुढं करून विचारलं होतं, "अप्पा, कुण्या बाबानं दिला ओ? आमचं बी लई किरकिर करतंय."

"ह्यो मोटारीचा हाय, बाई," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "पोराला चालत न्हाय."

तो मोटारीचा बुश होता. मोटारीच्या पोटाखाली पोलादी पाटे असतात. पाटा जिथं पिनेनं गाडीला अडकवलेला असतो, तिथं ही नळी बसते. ती झिजली की गाडी खडखडायला लागते. अप्पांच्या गाडीला असे आठ बुश होते आणि आठही झिजले होते. त्यातला एक नमुना म्हणून त्यांनी गळ्यात बांधला होता. "माल कुठं भेटंल सांगता येतंय व्हय?" असं त्यांचं म्हणणं.

मी गावच्या शाळेत मास्तर आणि अप्पांचा शेजारी. निजामाचं राज्य होतं, मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि विलायती सामान दिसेनासं झालं होतं. अप्पांची मोटारही विलायतीच. कुण्या जहागीरदारानं वापरून टाकलेली, ती त्यांनी हौसेनं घेतली. भुसार मालाच्या दुकानात बसणाऱ्या माणसानं मोटार बाळगावी याचं गावाला कौतुक होतं, पण मोटारीपेक्षा जास्त कौतुक तिच्या आवाजाचं. गाडी नळदुर्गाहून निघाली की अणदुरातली कुत्री उठून बसत.

अप्पा जातील तिथं नमुना काढून माप बघायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातला डाव घेऊन त्याचा दांडा बुशात घालून बघितलेला मी पाहिलाय. पाहुण्याची काठी, हुक्क्याची नळी, खंडोबाच्या देवळातल्या समईचा खांब, काहीही सुटलं नाही. पुजाऱ्यानं हटकलं तेव्हा म्हणाले, "नेत न्हाय ओ. बघतोय फकस्त."

सोलापूरच्या दुकानात बुश मिळत होते, पण तो इंग्रजी मुलूख, तिथं किंमत इंग्रजी कलदार रुपयांत, आणि आमचा निजामी हाली रुपया त्याहून हलका. दुकानदार भाव सांगायचा कलदारात, अप्पा घासाघीस करायचे हालीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळं सौदा कधी व्हायचा नाही. भाव ऐकला की अप्पा दोन्ही हात छातीपुढं हलवून कानडीत म्हणायचे, "बेडप्पा, बेड!" म्हणजे नको रे बाबा, नको.

मग गावठी उपाय. सुतारानं बाभळीचे बुश कोरून दिले. ते तुळजापूरपर्यंत गेले आणि येताना त्यांचा भुसा झाला. जुन्या वहाणांचं कातडं गुंडाळून बघितलं, ते दोन दिवस टिकलं. मी एकदा वैतागून म्हटलं, "अप्पा, चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्या की."

"चार पैशाचं न्हाय गुरुजी, हिशेब बसाया पाहिजे," ते म्हणाले. चिकटपणाला एवढं चांगलं नाव मी दुसरीकडं ऐकलं नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांची एकुलती लेक गौरा होती. बायको लवकर गेली, पोरीला त्यांनीच वाढवलं. तिला सास्तूरला दिली, पाठवणी मोटारीतून केली आणि मोटार वाटेतल्या ओढ्यात बसली. बैल जुंपून ओढून काढली तेव्हा वऱ्हाडाची हसून पुरेवाट झाली. पहिल्या नागपंचमीला अप्पा स्वतः मुराळी होऊन तिला माहेरी आणायला गेले, तेही त्याच गाडीतून. अख्खी गल्ली आवाज ऐकून बाहेर आली. चुलत सासवा तोंडाला पदर लावून हसल्या. पोरगी रागानं लाल झाली. म्हणाली, "अप्पा, नीट करा ही गाडी, न्हायतर मला न्यायला येऊ नका." आणि गाडीत बसलीच नाही.

तेव्हापासून तीन पंचम्या कोरड्या गेल्या. "बुश मिळाले की जातो," हे ते सगळ्यांना सांगत.

शेवटी मीच मनावर घेतलं. अप्पा विहिरीवर आंघोळीला गेले तेव्हा खुंटीवरचा नमुना कागदावर ठेवून आतून-बाहेरून पेन्सिल फिरवली, सुतानं लांबी घेतली. सोलापुरात गिरणीच्या मागं एक लेथवाला होता, त्यानं भंगारातल्या पितळेचे आठ बुश कातून दिले. हालीतसुद्धा स्वस्त पडले. सरहद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या शिपायानं पुडी उघडून बघितली आणि हसला. "अणदूर के अप्पा के वास्ते? जाओ मास्टरसाब, जाओ."

पुडी मी अप्पांच्या पुढ्यात ठेवली. मला वाटलं, ते उडी मारतील. त्यांनी एक बुश उचलला, पिन घालून बघितली. चपखल बसली.

"रंग जरा फिका हाय," ते म्हणाले.

"रंग कोण बघणार गाडीखाली?"

"भंगाराचं पितळ हाय न्हवं? टिकंल न टिकंल."

मी किंमत सांगितली. त्यांच्या तोंडून "बेड" निघेना. मला राग आला होता. म्हटलं, "अप्पा, तुम्हाला बुश पाहिजेत का शोध पाहिजे, एकदा सांगून टाका."

त्यांनी तो बुश बोटांत फिरवला. मग खाली बघत म्हणाले, "गुरुजी, आजवर बुश न्हाय म्हणून लेक आली न्हाय. आता बुश बसवले, म्या गेलो, आन् ती न्हाय म्हणाली, तर? मंग काय शोधत फिरू?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. तीन वर्षं मी या माणसाला चिक्कू म्हणून हसत होतो. आता मलाच माझी लाज वाटली. म्हटलं, "मी येतो बरोबर."

बुश बसवून घेतले आणि पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही सास्तूरला गेलो. गाडी इतकी गुपचूप चालली की गल्लीत शिरलो तरी कुणी बाहेर आलं नाही. अप्पा खाली उतरेनात. शेवटी मीच दाराशी जाऊन हाक मारली.

गौराची सासू बाहेर आली. अप्पांना गाडीत बघून तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि आत वळून म्हणाली, "ए पोरी, आण तुझं गाठोडं." मग अप्पांकडं बघून म्हणाली, "दरसाल पंचमीच्या आदल्या दिशी बांधून ठिवती, इवाईबुवा. आन् पंचमी झाली की सोडती."

गौरा गाठोडं घेऊन उंबऱ्यात आली. तिनं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. अप्पा कसेबसे उतरले, ते गाठोडं तिच्या हातातून घेतलं आणि छातीशी धरून तसेच उभे राहिले.

"गुरुजी," ते मला म्हणाले, "म्या बैलगाडीनं तरी यायचं व्हतं."