एकेचाळीस थेंब आणि एक पितळी बूच

सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी आमच्या बाथरूममधला गीझर फुटला. जीवितहानी नाही. आंघोळीला आधी कोण जाणार यावरून मी आणि माझा मेव्हणा बाहेर भांडत होतो, म्हणून दोघेही वाचलो. आवाज असा झाला, की मेव्हण्याच्या खांद्यावरचा टॉवेल चपलांच्या रॅकवर सापडला! आरसा, खिडकीची काच आणि छताचा एक तुकडा बादलीत जमा झाला होता.

मी वर्तमानपत्रात बातम्या लिहितो. वीस वर्षांत माझा एकही आकडा चुकलेला नाही, म्हणून हेही आकड्यांतच सांगतो. दहा दिवसांपूर्वी गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी मिनिटाला एकेचाळीस थेंब गाळत होती.

"अहो, मिस्त्रींना बोलवा," बायको म्हणाली.

"थेंबासाठी मिस्त्री? मी आहे ना!"

हार्डवेअरच्या दुकानातून आट्यांचं पितळी बूच आणलं, त्याला टेप गुंडाळली आणि नळीच्या तोंडावर करकचून पिळलं. चार मिनिटांत काम फत्ते! त्यानंतर घरी येईल त्याला मी चहाआधी बाथरूम दाखवत होतो.

आठ वाजता चोवीस घरांची माणसं आमच्या दारात होती. सोसायटीचे सेक्रेटरी सर्वांत पुढे.

"कोणी बसवला हा गीझर?"

बिल्डिंगचे सगळेच गीझर आमच्या प्लंबर मिस्त्रींनी बसवलेत. बारा वर्षं त्यांचं घर याच कामावर चालतं.

"बास! आजपासून तो माणूस गेटच्या आत येणार नाही. मी निघालो पोलिसांत. तुमचं काय म्हणणं?"

प्रश्न मला होता.

"कारण अद्याप समजू शकलेलं नाही," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की आता दुसरा स्फोट होणार! सेक्रेटरी स्कूटरला किक मारून गेले.

दहा मिनिटांनी मिस्त्री आले. ढिगाऱ्यातून त्यांनी वाकडी नळी उचलली आणि बूच अंगठ्याने पुसलं.

"साहेब, पाणी तापलं की फुगतं. ते जास्तीचं पाणी व्हॉल्व्ह थेंबाथेंबाने सोडतो. थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी उकळतच राहिलं, तर वाफेलाही हीच एक वाट. ती कोणी बंद केली?"

"मी नाही हं!" मेव्हणा म्हणाला. "मी कालच आलोय."

"अहो..." बायको म्हणाली.

"मी," मी म्हणालो. "मिस्त्रींचा काही दोष नाही. मी."

आता चोवीस घरं माझ्यावर तुटून पडणार, म्हणून मी डोळे मिटले. पण पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे ते बूच... लावायचं नसतं?"

आणि जिन्यात धावपळ उडाली! कोणी बूच ठोकलं होतं, कोणी बोल्ट. एका आजोबांनी एम-सील भरून वर पिशवी बांधली होती. एकूण नऊ घरं! गीझर बंद करा, बंद करा, असं ओरडत मिस्त्री पाच मजले चढले आणि उतरले. आठ घरांचे गीझर बंद झाले.

नववं घर तळमजल्यावरचं, सेक्रेटरींचं. व्हॉल्व्हची नळी बाहेर डक्टमध्ये आलेली. तिच्यावरचं बूच इतकं नेटकं, की भिंतीच्याच रंगात रंगवलेलं! खिडकीच्या गजांतून गीझरचा लाल दिवा पेटलेला दिसत होता. घरात कोणी नाही, दाराला कुलूप. वीज तोडायचा मेन स्विच ज्या मीटरच्या खोलीत, तिलाही कुलूप, आणि तिची किल्ली सेक्रेटरींच्या जुडग्यात.

"थर्मोस्टॅट धड असेल तर काही होणार नाही," मिस्त्री म्हणाले.

"आणि नसेल तर?"

त्यांनी सगळ्यांना गेटबाहेर काढलं. त्यांनी सेक्रेटरींना सहा वेळा फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग मी लावला.

"काळजी सोडा!" सेक्रेटरी म्हणाले. "तुमचं नाव साक्षीदार म्हणून घातलंय. ठेवा फोन, साहेब आलेत!"

त्यानंतर फोन बंद आहे.

मिस्त्रींनी पिशवीतून हातोडा काढून माझ्यापुढे धरला.

"मीटरच्या खोलीचं कुलूप तुम्ही फोडा, साहेब. माझ्यावर एक तक्रार झालीच आहे, त्यात घरफोडी नको."

आठ वाजून एकेचाळीस मिनिटं. मी तीन घाव घातलेत. कुलूप शाबूत आहे, लाल दिवा चालू आहे.