भोपळ्याचा दैनंदिन पाणीपुरवठा

पाणी ही पिण्याची गोष्ट आहे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वास्तविक पाणी ही नोंदण्याची गोष्ट आहे. ते कुणी प्यायलं तर उत्तमच, पण त्यावाचून काही अडत नाही. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढून तात्या एवढंच शिकले आणि निवृत्तीच्या दिवशी त्याबद्दल त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (ते मागे पडतं.)

तात्यांचा बोका भोपळ्या जन्मभर कोरड्या दाण्यांवर पोसलेला. तो लघवीला अडखळू लागला, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच्या पोटात पाणी जायला हवं. लघवी तुंबली तर दोन दिवसांत हातचा जाईल." मूलबाळ नसलेल्या घरात, बायको सोडली तर, त्यांना पहाटे 'उठा' म्हणणारा तोच एक होता. मग घाबरलेला अधिकारी जे करतो ते त्यांनी केलं. योजना आखली.

घरात सहा ठिकाणी सहा पसरट वाट्या बसल्या. स्वयंपाकघरात मुख्य केंद्र, न्हाणीघराच्या दारात उपकेंद्र, एक तर बायकोच्या शिवणयंत्राखाली (हरकत फेटाळून). रोज सकाळी वाट्या काठोकाठ भरायच्या, दुसऱ्या सकाळी उरलेलं पाणी मोजून रजिस्टरात लिहायचं. जे कमी भरलं, ते भोपळ्या प्यायला. टाकीतून निघालेलं पाणी लोकांना पोचलंच, या तत्त्वावर अख्खं खातं चालत आलं होतं. लोक कोरडे राहिले असतील, आकडे कधीच राहिले नाहीत.

पहिल्या आठवड्याची सरासरी रोजी दोनशे चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोनशेच्या लक्ष्याच्या एकशे वीस टक्के. बोक्याला पिताना कुणी पाहिलं नव्हतं, पण लाभार्थी लाजाळू असतात.

"अहो, तो वाटीकडे ढुंकूनही बघत नाही," बायको म्हणाली. "वर पंखा गरगरतोय, बाहेर ऊन मी म्हणतंय. वाळतंय ते पाणी!"

"अगं, मग आकडे काय खोटं बोलतात?"

"आकडे कशाला बोलतील? तुम्ही बोलता. त्यापेक्षा मी त्याचे दाणे भिजवून देऊ का?"

"आहार हा आपल्या विभागाचा विषय नाही," तात्या म्हणाले.

दहाव्या दिवशी भोपळ्या कळवळून ओरडू लागला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली; अंगात पाणीच नव्हतं. तात्यांनी रजिस्टर पुढे केलं. बाईंनी ते चाळलं. "रजिस्टर ठणठणीत आहे. सलाईन बोक्याला लावते."

भोपळ्या तीन दिवस दवाखान्यात होता. तात्या बाकावर बसून उघडपणे रडले. सकाळी मात्र सवयीने घरी येऊन त्यांनी वाट्या मोजल्या आणि भरल्या. तिन्ही दिवस आकडा आला दोनशे चाळीस. त्यांनी पुन्हा मोजून पाहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'लाभार्थी गैरहजर. वापर समाधानकारक.' लिहिलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. नोकरीत असा प्रकार कधीच घडला नव्हता.

भोपळ्या घरी आला, त्या दिवसापासून बायकोने कुणाला न विचारता कोरडे दाणे बंद केले. दाण्यांत शंभरात दहा भाग पाणी, ओल्या खाण्यात पंचाहत्तर. हे तिला डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं होतं, कारण तिने विचारलं होतं. वर ती वाडग्यात दोन चमचे कोमट पाणी कालवायची. बोका वाटीला तोंड न लावता पाणी खाऊ लागला आणि आठवडाभरात असा मोकळा झाला की तात्यांनी त्याचा लघवीचा मातीचा ट्रे हौसेने धुतला.

मग त्यांनी जुन्या खात्याला प्रांजळ पत्र लिहिलं. आपली मोजणीची पद्धत चुकीची आहे, आपण एकतीस वर्षं वाफ मोजली, कृपया घरोघर जाऊन नळ उघडून पाहावेत.

खात्याचं उत्तर परतीच्या टपालाने आलं. पद्धत योग्य असून ती आजही चालू आहे. शंका नको म्हणून त्यांनी रजिस्टरचा कालचा उतारा जोडला आहे. त्यात, वाचकहो, तुमचंही घर आहे. काल सकाळी साडेसहा ते आठ तुमच्याकडे पूर्ण दाबाने पाणी आलं, तुम्ही दोन बादल्यांनी आंघोळ केली आणि समाधान व्यक्त केलंत.