मोजणीत एक जास्त

पानेकाकांच्या मफलरवर चहा सांडला आणि तिथून सगळं सुरू झालं. कारखान्यातल्या पाइपांचे बोल्टांनी आवळलेले जोड तपासणं हे काकांचं काम. खांद्यावर कायम पाना, म्हणून पानेकाका. दुरुस्तीवाले त्यांना सुरक्षा विभागाचे समजत आणि सुरक्षावाले दुरुस्तीचे. त्यामुळे दुपारचा डबा ते पंपाच्या आडोशाला एकटेच खात आणि बोलावंसं वाटलंच तर जोडांशी बोलत. "काय, घट्ट ना?" असं विचारलं तर जोड निदान उलट उत्तर देत नसे.

घरी तर उत्तर देणारं कोणी उरलंच नव्हतं. मफलर बायकोनं विणलेला. धुतला खरा, पण तसाच ओला पिशवीत कोंबायचं त्यांच्या जिवावर आलं. समोर गरम तेलाचा पाइप होता. 'इथे कपडे वाळत घालू नयेत' ही पाटी काकांनीच लावलेली. त्यांनी पाटीकडे पाठ केली आणि मफलर जोडावर पसरला.

नेमका तोच जोड तपासायचा राहिला होता आणि तोच झिरपत होता. मफलर पोटभर तेल प्यायला. काका डब्याचं झाकण लावतात तोवर धूर आला, मग ज्योत. तेलानं भिजलेलं कापड गरम जोडावर आपोआप पेटतं, हे काका दर वर्षी नव्या भरतीला शिकवत. बघत मात्र पहिल्यांदाच होते. त्यांनी धोक्याचं बटण दाबलं. भोंगा वाजला, पंप बंद पडले, अख्खा कारखाना मैदानात धावला. काका मात्र आग विझवायचा सिलिंडर घेऊन ज्वाळांवर पावडर मारत राहिले. आग विझली तेव्हा मफलरची मूठभर काजळी उरली होती. ती ते थोडा वेळ बघत उभे राहिले.

मैदानात पोहोचले, तर सुरक्षाप्रमुख मॅनेजरना सांगत होते, "मोजणी पूर्ण, साहेब. आत कोणी राहिलेलं नाही."

"मी होतो," काका म्हणाले.

विभागांच्या याद्या लावून पुन्हा मोजणी झाली.

"साहेब, एक जास्त भरतोय."

"आगीत माणूस कमी होईल एक वेळ. वाढला कसा?"

"हे तुमच्याकडचे," दुरुस्तीप्रमुख सुरक्षाप्रमुखांना म्हणाले.

"छे हो. खांद्यावर पाना दिसत नाही का? तुमचेच."

आपल्यावरून भांडण नको, म्हणून काकांनी सांगून टाकलं, "साहेब, पेटला तो मफलर माझा होता."

"मग तर आमचे नाहीतच," दोघंही एका सुरात म्हणाले.

मॅनेजरनी कपाळाला हात लावला. "जोड गळतोय हे कळलं, तेवढं बरं झालं. पण यांना समज द्यावी लागेल, आणि ती विभागप्रमुखानं द्यायची असते. म्हणजे हे कोणाचे तरी असायलाच हवेत." त्यांनी दुरुस्तीप्रमुखांकडे बोट केलं. "आजपासून तुमचे."

दुरुस्तीप्रमुख परतताना वाटभर धुसफुसत होते. "माझ्या माणसानं असं करावं? आणि एकटे काय जेवत बसता तिकडे? आमच्या खोलीत हीटर आहे, तिथे मफलर वाळला नसता? उद्यापासून माझ्या डोळ्यांसमोर जेवायचं, सांगून ठेवतो."

काका खाली मान घालून ऐकत होते. दुरुस्तीची खोली अगदी जवळ आली, तशी ही बोलणी इतक्यात संपू नयेत म्हणून त्यांनी चाल जरा मंद केली.