कु. अंशिती कोणाची?

परभणी जिल्ह्यात गुन्हे कमी घडतात याचं कारण पोलीस नसून आपण आहोत, असं महारुद्र कच्छवे यांचं प्रामाणिक मत होतं. त्या रविवारी सकाळी ते स्टेशन रोडवरच्या वैष्णवीच्या पत्रिकांच्या दुकानात उभे राहून हेच मत व्हिजिटिंग कार्डावर बसवून घेत होते.

"लिही," ते म्हणाले. "महारुद्र कच्छवे. आंतरतालुका गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, नाक मुंगीचं."

"काका, एवढे प्राणी बसायचे न्हाईत," वैष्णवी कॉम्प्युटरवरून मान न काढता म्हणाली. "कार्ड हाय, राणीचा बाग न्हाई."

"मंग नुसती घार ठेव. आन् खाली माझा रंगीत फोटो."

"गुप्तहेराचा फोटो?"

"पाठमोरा टाक," ते म्हणाले.

दुकानाच्या दाराशी रिक्षात बसलेल्या बन्सीधरनं डोळे मिटून घेतले. बन्सीधर हा महारुद्रांच्या बायकोचा धाकटा भाऊ. ज्या मेहुण्याकडे रिक्षा असते त्याला सहायक म्हणतात, असं दाजींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बन्सीधरला सहायक व्हायचं नव्हतं. पण बहिणीनं सांगितलं होतं, "त्यांना घराबाहेर काढ, म्हंजी मला घर झाडता येतंय." आतापर्यंत दाजींच्या नावावर एकच यश जमा होतं. शेजाऱ्याची हरवलेली शेळी त्यांनी शोधून काढली होती. म्हणजे शेळी आपली आपण परत आली, त्या वेळी हे दारात उभे होते आणि "ती बघा" असं सगळ्यांत आधी म्हणाले होते.

एवढ्यात चुडाव्याचे भगवानराव पत्रिकांचं खोकं छातीशी धरून दुकानात शिरले. मागून त्यांची लेक निकिता आली. तिचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि वैष्णवीच्या दुकानाची आजवरची सगळ्यांत मोठी ऑर्डर तिच्याच लग्नाची होती. निकिता कृषी विद्यापीठात शिकलेली. सोनेरी मोर आणि कलश तिला नको होते. तिनं कापसाची बोंडं आणि ज्वारीची कणसं गुंफलेली वेलबुट्टी काढून घेतली होती. दोन्ही घरची मिळून एकच पत्रिका आणि तीच वेलबुट्टी, खालच्या लेकरांच्या आमंत्रणासकट, सगळीकडे: पाकिटांवर, हळदीच्या कार्डावर, आहेराच्या पिशव्यांवर, अगदी पाण्याच्या बाटलीच्या चिकटपट्टीवरसुद्धा.

भगवानरावांनी खोकं टेबलावर आपटलं. एक पत्रिका काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"पोरी, ही कोण हाय?"

वैष्णवीनं वाचलं. 'आमच्या दत्ताकाकाच्या लग्नाला यायचं हं! — चि. शौर्य, कु. स्वरा, कु. परी, कु. अंशिती.'

"नवरदेवाची पुतणी-पुतणे," ती म्हणाली.

"दत्ताच्या भावाला तीन लेकरं हायेत. सोयरीक जुळवताना मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलीत. त्यातल्या एकानं माझी टोपी विहिरीत टाकली. मंग ही चौथी कोणाची?"

निकितानं दाराची चौकट घट्ट धरली. अर्ध्याअधिक पत्रिका वाटून झाल्या होत्या. आदल्या दिवशी तिच्या आत्यानंच सगळ्यांसमोर विचारलं होतं, "दत्ता पुण्याला किती वर्षं एकटाच राहत होता गं?"

आणि नेमकं इथंच महारुद्रांनी टेबलापुढे छाती काढली.

"भगवानराव, प्रकरण माझ्या हातात आलंय असं समजा."

"तुमी कोण?"

"ते कार्ड छापायलंय. नाव बघा. अंशिती. यात अंश हाय. अंश म्हंजे काय? तुकडा. कशाचा तुकडा? काळजाचा. आन् काळजाचा तुकडा म्हंजे कोण?"

"लेक," भगवानराव पुटपुटले आणि स्टुलावर बसले.

"काका, उगं काहीच्या काही काय बोलायलात?" वैष्णवी उसळली. "हे नाव मला सगुणाकाकूंनी, म्हंजे दत्ताच्या आईनं, सोताच्या तोंडानं फोनवर—"

"साक्षीदारानं विचारल्याबिगर बोलायचं न्हाई!"

"अहो, प्रूफसुद्धा घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यांनी अंगठे दिले."

ते खरं होतं. भगवानरावांनी आपल्या नावापुढे 'राव' आहे का एवढंच पाहून अंगठा दिला होता. आत्यानं आपलं नाव मावशीच्या वर आहे का ते पाहिलं होतं. मावशीनं आपलं नाव आत्याच्या खाली का आहे ते पाहिलं होतं आणि तरीही मोठ्या मनानं अंगठा दिला होता. शेवटच्या ओळीपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं.

महारुद्रांनी पत्रिका उचलून नाकाला लावली आणि दीर्घ श्वास घेतला. लगेच त्यांना तीन शिंका आल्या. मान वर केली तेव्हा त्यांच्या मिशीवर वेलबुट्टीची सगळी सोनेरी चमकी लागली होती.

"वास वेगळा हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कोण्या प्रेसवाल्यानं मत्सरानं घुसडलंय हे नाव. वैष्णवी, तुझ्यावर कोण जळतंय?"

"हे दुसरंच झालं की," बन्सीधर दारातून म्हणाला. "आत्ता तर काळजाचा तुकडा होता."

"बन्शा, तपासात दोन्ही पाय एकाच रिकिबीत ठेवायचे नसतात."

निकिता पहिल्यांदा बोलली. "मला कोणाचा वास न्हाई आन् कोणाचा तुकडा न्हाई. मला दत्ताच्या तोंडून ऐकायचंय. मी पिंगळीला त्याच्या घरी चाललेय."

लेक निघाली म्हणून भगवानराव निघाले. नाव वैष्णवीच्या दुकानातून छापून गेलं होतं. उद्या लग्न मोडलं तर परभणीत तिच्याकडे बारशाचं कार्डसुद्धा कोणी टाकलं नसतं, म्हणून तीही निघाली. महारुद्र निघाले कारण त्यांना कोणी नको म्हणायला विसरलं. आणि रिक्षा बन्सीधरची होती. दाजी त्याच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसले आणि पिंगळीपर्यंत वाऱ्यानं त्यांच्या मिशीतली चमकी बन्सीधरच्या डोळ्यांत उडत राहिली.

पिंगळीत सगुणाबाईंनी व्याह्यांना असं अवचित दारात पाहिलं आणि त्या डोक्यावरचा पदर सावरत पुढं आल्या. काय झालंय हे विचारायच्या आधी त्यांनी मोठ्या सुनेला आवाज दिला. "शिवकन्ये, पाव्हणे आलेत. खिचडीचा कुकर लाव." लग्नासाठी सुट्टीवर आलेला दत्ता शर्टाची गुंडी लावत बाहेर आला, निकिताला पाहून हसला आणि तिचा चेहरा पाहून लगेच थांबला.

महारुद्रांनी सगळ्यांना ओसरीवर गोल बसवलं. स्वतः मधे उभे राहिले.

"या घरात एक लेकरू लपवलेलं हाय," त्यांनी जाहीर केलं.

सगुणाबाईंनी पत्रिका हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "अगं बाई, ही कोण? म्या तर तीनच नावं सांगितली."

"काकू, तुमी चार सांगितली," वैष्णवी म्हणाली. "मी माझ्या कानानं ऐकलंय."

"मला माझी नातवंडं मोजता येत न्हाईत का?"

"आन् मला ऐकायला येत न्हाई का?"

दोघींपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं, हे बन्सीधरला दोघींच्या तोंडाकडे पाहून कळत होतं. म्हणून तर त्याला काहीच कळत नव्हतं.

निकिता दत्ताकडे वळली. "एवढंच सांग. अशी कोणी हाय का?"

दत्ताचे कान लाल झाले. "निकिता, पुण्यात आमी सात जण एका खोलीत राहतोत. मला तिथं सोताचा टॉवेल लपवता येत न्हाई. मी पोरगी कुठं लपवू?"

निकिताच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. भगवानरावांचा हलला नाही. आणि प्रकरण हातातून निसटतंय असं दिसताच महारुद्रांनी तिसरा बॉम्ब टाकला.

"नाव उलटं वाचा! ती, शि, अं. तिशी... अं? म्हंजे तिशीबद्दल विचारलं की नवरदेव काय म्हणतोय? 'अं?' म्हणतोय! भगवानराव, पोरानं वय लपवलंय. कोण्यातरी प्रामाणिक माणसानं पत्रिकेतून तुमाला इशारा दिलाय."

"अं?" दत्ता म्हणाला.

"घ्या!" महारुद्र ओरडले.

"अहो, मी एकोणतीसचा हाय!"

"तिशीचं नाव काढल्याबरोबर किती दचकला बघा."

आता मात्र भगवानराव उठले. पोरीची काळजी, बहिणीचे टोमणे, विहिरीतली टोपी, सगळं एकदम त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "चल निकिता. एका साध्या नावाचा या घरात कोणाला पत्ता लागंना. मला असं अंधारात पोरीला देणं जमायचं न्हाई."

दत्ता उभा राहिला. वैष्णवीनं डोळ्यांना ओढणी लावली. निकिता जागची हलली नाही.

सगुणाबाई मात्र पदर खोचून व्याह्यांच्या आडव्या आल्या. "जावा. पर जेवल्याबिगर न्हाई. लग्न मोडायचंच असंल तर भरल्या पोटानं मोडा." एवढं बोलून त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून त्यांचा खणखणीत आवाज ओसरीवर आला.

"शिवकन्ये, लेकरांची ताटं घे गं! शौर्य, स्वरा, परी, अन् शिटी—"

पुढचं वाक्य एका प्रचंड फुस्कारात बुडून गेलं.

महारुद्रांनी हवेत उडी मारली. "ऐकलं? नाव घेतलं! पोरगी आतच हाय! बन्शा, मागचं दार धर!"

बन्सीधर मागच्या दाराकडे धावला. तिथं एक कोंबडी होती; तिला त्यानं पळू दिलं नाही. महारुद्र पुढच्या दारानं स्वयंपाकघरात घुसले. आत सासू होती, सून होती आणि पाटावर तीन लेकरं होती. त्यांनी फडताळ उघडलं. पिठाच्या डब्यात डोकावलं.

"कुठं हाय ती? आत्ता तुमी नाव घेतलं!"

"कोणाचं?"

"अंशिटीचं!"

"अवो, म्या सुनेला विचारायले, अन् शिटी किती झाली म्हणून." सगुणाबाईंनी पळीनं गॅसकडे दाखवलं. "हिला शिट्या मोजायचं ध्यानात ऱ्हात न्हाई."

कुकरनं तेवढ्यात आणखी एक शिटी दिली.

दारात आलेली निकिता एकदम भिंतीला टेकली. "काकू," ती सावकाश म्हणाली, "वैष्णवीनं नावं विचारायला फोन केला तवा तुमी कुठं होता?"

"कुठं म्हंजी? हितंच. सकाळच्याला मी दुसरीकडं कुठं असते?"

"आन् कुकर?"

"कुकर बी हितंच की. तो कुठं जातोय?"

निकिता वैष्णवीकडे वळली. "तुला फोनवर नेमकं काय ऐकू आलं?"

"शौर्य, स्वरा, परी, अन्शिटी," वैष्णवी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा हात तोंडावर गेला. "पुढं काय ते छपाईच्या मशीनच्या आवाजात कळलंच न्हाई."

"मंग अंशिती कुठून आली?"

"मला वाटलं काकूंचा उच्चार गावाकडचा हाय. परवा मी बारशाचं कार्ड छापलं, त्यात एकाच घरात कियांश, रियांश आन् त्रियांश होते. मला वाटलं असंल अशी कोणी. फक्त 'टी' बरी दिसंना, म्हणून मीच 'ती' करून शुद्ध केली."

निकिता जी हसायला लागली ती खालीच बसली. मग दत्ता हसला, मग शिवकन्या. भगवानराव कितीतरी वेळ कुकरकडे बघत उभे होते.

"म्हंजे ही..."

"आमची चौथी नात," सगुणाबाई म्हणाल्या. "पाच लिटरची. बसा आता जेवायला."

भगवानराव बसले. दोनदा खिचडी घेतली. दत्ताच्या पाठीवर थाप मारून त्यांनी त्याला वय मात्र परत एकदा विचारलं. वैष्णवीनं पत्रिका फुकट बदलून द्यायची तयारी दाखवली, पण निकितानं मान हलवली. "ऱ्हाऊ दे. एवढी गुणी जावेची पोर कोणाला मिळती? पुतणी म्हण, काय बी म्हण. वेळेवर आवाज देती." कोंबडी काखेत घेऊन आत आलेल्या बन्सीधरला महारुद्र हळूच म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, या घरात आत काहीतरी दाबलेलं हाय."

लग्न ठरल्या दिवशी थाटात लागलं. टेबलांवर कापसाच्या बोंडांच्या बाटल्या होत्या आणि दर बाटलीवर 'आमच्या दत्ताकाकाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी कु. अंशिती होती. वाटलेल्या पत्रिका घरोघर पोचलेल्या होत्या, आणि त्या लोकांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या होत्या. आत्यानं अंशितीसाठी फ्रॉक आणला. चुडाव्याच्या एका गुरुजींनी कंपासपेटी आणली. सगुणाबाईंची लांबची जाऊ सगळ्यांना सांगत होती, "मी बघितली तवा एवढुशी होती. आता लय उंच झालीय, आजोबावर गेलीय." कोणीतरी म्हणालं, ती आत्ताच आइस्क्रीमपाशी दिसली होती.

फोटोची वेळ झाली. नवरदेवाच्या भावाची लेकरं स्टेजवर बोलावली गेली. तीन आली. फोटोवाला थांबला, त्यानं हातातल्या पत्रिकेत पाहिलं आणि माइकवाल्याला खूण केली.

"कुमारी अंशिती जिथं असतील तिथून त्यांनी ताबडतोब स्टेजजवळ यावं. कुमारी अंशिती!"

कोणी आलं नाही. मांडवात कुजबुज सुरू झाली. बायका पदराखालच्या आपापल्या पोरांची मुंडकी मोजू लागल्या. महारुद्रांनी जिलबीचं ताट खाली ठेवलं, धोतर वर खोचलं आणि ते खुर्च्यांच्या खाली वाकून बघायला लागले.

बन्सीधर धावत गेला. "दाजी, काय करायलाव? अहो, ती कुकर हाय!"

"बन्शा," महारुद्र खुर्चीखालून म्हणाले, "कुकर पिंगळीला हाय. वऱ्हाड निघालं तवा मी सोता पाह्यलाय गॅसवर. मंग हितं कोण हरवलंय?"

बन्सीधरनं पुष्कळ विचार केला. मग तो आइस्क्रीमच्या बाजूनं शोधायला लागला.